मेटॅडोरचा डावा दिवा

जुन्या गाडीचा हेडलाइट बिघडतो दिवसा आणि कळतो रात्री. मधल्या काळात मालक सुखात असतो. नागपूरच्या दक्षिणेला हुडकेश्वर रोडच्या दोन्ही अंगांना जे ले-आऊट पसरले आहेत, तिथे हे सुख जास्त टिकते. हुडकेश्वर-नरसाळा हा भाग २०१३ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आला, रस्त्यावर खांब आले, खांबांवर दिवे आले आणि स्वतःचा दिवा लागतो की नाही हे पाहण्याची गरज गाडीमालकाला उरली नाही. आऊटर रिंग रोड ओलांडून गाडी उमरेडच्या दिशेने अंधारात शिरली, की मग सत्य समोर येते. खरे म्हणजे समोर काहीच येत नाही, आणि तीच तक्रार असते.

ही गाडी बहुधा तीन घराण्यांपैकी एका घराण्यातली असते. पहिली मेटॅडोर: जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या मूळ गाडीवरून पुण्याच्या बजाज टेम्पोने बनवलेली. दुसरी त्याच कंपनीची टेम्पो ट्रॅव्हलर, १९८७ मधली, मर्सिडीजच्या आराखड्यावर उभी राहिलेली. ही कंपनी २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली. तिसरी मारुती व्हॅन: १९८४ मध्ये आली, पुढे ओम्नी झाली आणि ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या सीटखाली घेऊन २०१९ पर्यंत बनत राहिली. पूर्वायुष्यात या गाड्यांनी शाळेची पोरे, मंडपाचे बांबू आणि लग्नाचे वऱ्हाड वाहिलेले असते. मालक निवृत्त झाला की गाडी कामाला लागते. मागच्या सीट काढून फळी टाकली जाते. फळीवर गादी, गादीखाली शेगडी, खिडकीला पडदा, छताला पंखा, की झाली फिरती गाडी. महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये आणले. हुडकेश्वरच्या मेटॅडोरने ते वाचलेले नसते. पेंच, नवेगाव आणि पचमढी मात्र पाहिलेली असते.

तिन्ही घराण्यांची वायरिंग १२ व्होल्टची. दुसरे साम्य असे, की कंपनीने दिली तशी ती एकाही गाडीत शिल्लक नसते. म्हणून निदान करणाऱ्याला विजेइतकेच इतिहासाचेही ज्ञान लागते.

काय असायला हवे

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे रात्री गाडीच्या दिव्यांनी पुढे १५५ मीटरपर्यंतची माणसे आणि वाहने स्पष्ट दिसायला हवीत. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी हे अंतर साधारण नऊ सेकंदांत कापते. म्हणजे रस्त्यात बसलेली म्हैस दिसल्यापासून तिच्यापर्यंत पोचायला नऊ सेकंद मिळावेत, अशी कायद्याची इच्छा आहे. दिवा ५० मीटरपर्यंतच पोचत असेल तर तीन सेकंद मिळतात. म्हशीला उठायला त्याहून जास्त वेळ लागतो.

या प्रकाशासाठी सहसा एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात: लांबच्या झोतासाठी ६० वॅट आणि जवळच्या झोतासाठी ५५. मिस्त्रीच्या भाषेत अप्पर आणि डिप्पर. बल्बला तीन पाय: एक अप्परचा, एक डिप्परचा आणि एक दोघांचा सामाईक, म्हणजे अर्थिंगचा. अप्पर लावला की दोन्ही बल्ब मिळून १० अँपिअर करंट ओढतात. हा करंट बॅटरीतून निघून फ्यूज, स्विच, रिले आणि वायर अशा मार्गाने बल्बपर्यंत येतो आणि गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परत जातो. जुन्या गाडीच्या हेडलाइटचे सगळे शास्त्र या वाक्याच्या उत्तरार्धात आहे. जाणाऱ्या करंटची चौकशी सगळे करतात. परतणाऱ्याची कोणी करत नाही.

सल्लागार मंडळ

उपकरणे हातात घेण्याआधी एका टप्प्याचा उल्लेख करावा लागतो, कारण तो टाळता येत नाही. घरापुढे गाडी उभी करून कोणी हेडलाइटची रिंग खोलायला बसले, की पाच मिनिटांत मंडळ जमते. त्यात वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काकाजी असतात. त्यांचा अनुभव ११ हजार व्होल्टचा असल्यामुळे १२ व्होल्टकडे ते जरा वरूनच बघतात. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले दुसरे असतात. अंधार या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. एक तरुण असतो, ज्याने परवाच आपल्या मोटारसायकलला एलईडी बसवली. आणि एक गृहस्थ असे, की ज्यांना गाडीतले काहीही कळत नाही. बरोबर उत्तर बहुधा तेच देतात, पण कोणी ऐकत नाही.

मंडळाचे निदान ठरलेल्या क्रमाने येते. "बॅटरी गेली असन." बॅटरी नवी आहे म्हटल्यावर, "मग अल्टरनेटर." तो मागल्या महिन्यातच बांधून आणला म्हटल्यावर, "पूर्ण वायरिंग बदलून टाका न बाप्पा, काहून डोकं लावता!" क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. महाग भागापासून सुरुवात होते आणि सुचवलेली दुरुस्ती दर वेळी आणखी महाग होत जाते. प्रत्यक्षात दोष निघतो तो दहा-वीस रुपयांच्या क्लिपमध्ये. शास्त्रशुद्ध निदानाचा क्रम याच्या बरोबर उलटा ठेवावा: आधी स्वस्त, मग महाग, आधी डोळ्यांना दिसणारे, मग मीटरला दिसणारे.

लक्षणांवरून वर्गीकरण

काहीही खोलण्याआधी एकेक दिवा लावून पाहावा आणि काय चालते तेही टिपावे. न चालणाऱ्या गोष्टींची यादी सगळेच करतात. शोधाचे निम्मे काम चालणाऱ्या गोष्टी करतात.

एकाच बाजूचा अप्पर किंवा एकाच बाजूचा डिप्पर बंद असेल, तर बहुतेक वेळा बल्बमधली तार तुटलेली असते. एकाच बाजूचे दोन्ही बंद असतील, तर होल्डर किंवा अर्थिंगकडे बघावे. दोन्ही बाजूंचा डिप्पर बंद आणि अप्पर चालू असेल, तर संशय डिप्पर स्विचवर किंवा त्याच्या रिलेवर जातो. दोन्ही बाजूंचे सगळेच बंद असेल, तर मुख्य फ्यूज किंवा लाइटचा स्विच. दोन्ही बल्ब एकदमच उडाले, असे क्वचित होते. एक आधीच उडालेला होता, हे दुसरा उडाल्यावर कळते. काणी गाडी चालवण्याची सवय फार लवकर लागते.

सगळे लागते पण पिवळे आणि बारीक, हा पाचवा प्रकार. मिस्त्रीच्या शब्दांत, "लाइट लागून राहिला काकाजी, पण पडून नाही राहिला." हे वर्णन अचूक आहे. हॅलोजन बल्बला मिळणारा व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटला, तर प्रकाश दहा टक्क्यांनी नाही, जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून वाटेत हरवलेला एक व्होल्ट किरकोळ समजू नये.

बल्ब आणि होल्डर

बल्ब काढून तार बघावी. काच आतून काळी किंवा दुधाळ झाली असेल, तर चर्चा संपली. नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये, कारण बोटाचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर डाग धरतो, तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. हा नियम जगभर सांगितला जातो. नागपुरात तो सकाळी विशेष पाळावा, कारण त्या वेळी मिस्त्रीच्या हाताला तर्री-पोह्याची तर्री असते.

होल्डर हा त्याहून मोठा संशयित. प्लॅस्टिक तपकिरी पडले असेल, एखादा पाय जळाला असेल किंवा क्लिप सैल होऊन हलत असेल, तर तिथे रोध वाढलेला आहे. रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने क्लिप आणखी सैल होते आणि रोध आणखी वाढतो. या चक्राला गती देण्याचा हमखास मार्ग म्हणजे मूळ बल्ब काढून १००/९० वॅटचा बसवणे. दोन बल्ब मिळून सुमारे १७ अँपिअर ओढू लागतात. वायर, स्विच आणि होल्डर मात्र १० अँपिअरच्या हिशेबाने बसवलेले असतात. पहिल्या रात्री रस्ता लख्ख दिसतो, मालक शेजाऱ्याला बोलावून दाखवतो. काही रात्रींनी स्टिअरिंगखालून वास येतो.

काचेत पाणी दिसत असेल, तर बल्बच्या मागची रबरी टोपी तपासावी. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असे उन्हाळे काढलेले रबर मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत भेगाळलेले असते. पाणी आत जाते, आरशाची चकाकी उडते, आणि मग बल्ब कितीही चांगला असला तरी झोत तयार होत नाही.

अर्थिंग

आता मुख्य आरोपी. हेडलाइटची काळी किंवा तपकिरी वायर जवळच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली असते. बोल्टखाली गंज असतो, गंजावर रंग असतो, कारण विकण्याआधी मागच्या मालकाने गाडी चकाचक करून घेतलेली असते. रंगातून वीज जात नाही. करंट बल्बपर्यंत येतो, तार ओलांडतो आणि परतीचा दरवाजा बंद आढळतो.

यानंतर जे घडते त्यामुळे जुन्या गाड्यांना भुते लागल्याची ख्याती आहे. डाव्या दिव्याचे अर्थिंग गेले आणि डिप्पर लावला, की करंट डाव्या बल्बच्या डिप्परच्या तारेतून सामाईक पायापर्यंत येतो. तिथून जमिनीची वाट नसल्यामुळे त्याच बल्बच्या अप्परच्या तारेत उलटा शिरतो, अप्परच्या वायरने उजव्या बल्बकडे जातो आणि त्याच्या अर्थिंगने बाहेर पडतो. आपल्या घराची गल्ली खोदून ठेवल्यावर शेजाऱ्याच्या अंगणातून मोटारसायकल काढावी, तसा हा प्रकार. परिणामी डाव्या बल्बच्या दोन्ही तारा मिणमिणतात आणि डिप्पर लावला असताना डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा मंद पेटतो. इंडिकेटरचे अर्थिंगही त्याच बोल्टवर असेल, तर इंडिकेटरच्या प्रत्येक टिकटिकीला हेडलाइट मान डोलावतो. सल्लागार मंडळ या टप्प्यावर "पूर्ण वायरिंग" या निष्कर्षावर एकमताने येते. उपाय असा: बोल्ट काढावा, पत्रा लखलखीत होईपर्यंत सँडपेपरने घासावा, नवे थिंबल लावावे, आवळावे आणि वरून ग्रीस लावावे.

मीटर आणि गणपतीचा लाइट

दोष डोळ्यांना दिसला नाही, तर मल्टिमीटर घ्यावा. इथे एक फसवणूक होते. होल्डर काढून त्यात मीटरची टोके घातली, तर मीटर १२ व्होल्ट दाखवतो, मिस्त्री विजयी मुद्रेने म्हणतो, "करंट तर येऊन राहिला." पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीच्या चाळीस धाग्यांपैकी एकच शिल्लक असला, तरी मीटरचे समाधान होते. बल्बचे होत नाही.

डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या एलईडीचे हेच आहे. फिरत्या गाडीत बाप्पाचा लाइट हेडलाइटच्याच वायरीला टोचून घेतलेला असतो. हेडलाइट मेला तरी तो तेजात चमकतो, आणि घरातली ज्येष्ठ मंडळी यात श्रद्धेचा विजय पाहतात. एलईडीला लागणारा करंट इतका थोडा, की सडलेल्या जोडातूनही तो येतो. यावरून वायर चांगली असल्याचे सिद्ध होत नाही. बाप्पाचे सिद्ध होत असेल तर तो वेगळा विषय.

म्हणून मोजमाप दिवे लावूनच करावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे बल्बच्या अर्थिंगच्या पायावर ठेवावे. बॅटरी दूर असेल, तर टोकाला चार-पाच मीटर वायर जोडून घ्यावी. उत्तर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले, तर परतीच्या वाटेवर अडथळा आहे. मग बॅटरीच्या धन टोकापासून बल्बच्या पेटत्या पायापर्यंत तसेच मोजावे. इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घेतात. त्यापेक्षा जास्त असेल, तर फ्यूज, स्विच, रिले असे एकेक ठाणे मागे जात मोजावे. ज्या दोन ठाण्यांमध्ये व्होल्ट हरवतो, तिथेच चोर आहे.

वायर तुटलेली नसून बारीक असेल, तरी व्होल्ट हरवतो. दीड चौरस मिलिमीटरची पाच मीटर तांब्याची वायर १० अँपिअरवर सुमारे ०.६ व्होल्ट खाते. चार चौरस मिलिमीटरची ०.२ च्या आसपास. घराच्या बांधकामातून उरलेला वायरचा गुंडाळा गाडीला वापरण्याची प्रथा त्यामुळे सोडावी.

फ्यूज, स्विच, रिले

पाती फ्यूजचे रंग ठरलेले असतात: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. जुन्या गाडीत सगळ्याच खाचांत हिरवा आढळतो, कारण तो "उडत नाही". फ्यूजचे काम उडणे हेच आहे, ही गोष्ट पटवून देणे अवघड जाते. त्याहून जुन्या गाडीत काचेच्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी गुंडाळलेली सापडते. अशा गाडीत जळण्याचा मान फ्यूजऐवजी वायरिंगला मिळतो.

लाइटचा स्विच गरम लागत असेल किंवा कांडी किंचित हलवल्यावर दिवे लागत असतील, तर आतले टोक जळाले आहे. मिस्त्री याला "कार्बन आला" म्हणतो. स्विच बदलता येतो, पण सगळा भार पुन्हा त्याच्यावरच टाकला, तर नवाही त्याच मार्गाने जातो. रिले बसवणे हा कायमचा इलाज. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पायाला बॅटरीहून फ्यूजमार्गे थेट जाड वायर, ८७ हून बल्बकडे, आणि ८५-८६ या पायांवर जुना स्विच. स्विचला मग पाव अँपिअरही वाहावा लागत नाही. दिवा लावताना रिलेचा टक् आवाज आला, तर स्विच निर्दोष सुटतो. आवाज आला आणि दिवा लागला नाही, तर ३० आणि ८७ च्या बाजूला बघावे.

या जागी "डायरेक्ट" नावाच्या उपचाराची नोंद आवश्यक आहे. "टेन्शन नका घेऊ काकाजी, डायरेक्ट करून देतो," असे म्हणून मिस्त्री बॅटरीपासून दिव्यापर्यंत एक नवी वायर ओढतो आणि मधल्या सर्व संस्था बरखास्त करतो. दिवा तत्काळ लागतो. विझवायचा कसा, हा प्रश्न घरी पोचल्यावर येतो. मिस्त्रीच्या तोंडात खर्रा असल्यामुळे स्पष्टीकरण हातवाऱ्यांनी मिळालेले असते, आणि पुढचा मिस्त्री ती वायर पाहून पहिला प्रश्न हातवाऱ्यांनीच विचारतो.

लुकलुकणे आणि उंदीर

इंजिनचा वेग वाढवला की प्रकाश वाढतो आणि कमी केला की घटतो, असे असेल तर चार्जिंग तपासावे. बंद गाडीत निरोगी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवते. आकडा वाढलाच नाही, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा. १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे. दर महिन्याला बल्ब उडतात त्याचे कारण तेच, बल्बची कंपनी बदलून उपयोग नाही.

दिवा खड्ड्यात विझतो आणि पुढच्या खड्ड्यात लागतो, तेव्हा लूज कॉन्टॅक्ट. दिवे लावून ठेवावेत आणि वायरिंग जागोजागी हाताने हलवत जावे. रिकाम्या प्लॉटवरच्या गवतालगत गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी कुरतडलेले आवरण सापडते. डांबरगोळ्या किंवा तंबाखूची पाने ठेवण्याचा उपाय करतात. काही ठिकाणी खर्रा ठेवून पाहिला गेला. उंदरांनी तोंड लावण्याआधी तो गाडीखालून निघालेल्या मिस्त्रीने संपवला.

फिरत्या गाडीची खास दुखणी

पंखा, मोबाइलचे चार्जर, एलईडीची माळ, स्पीकर, पाण्याची छोटी मोटर. यांपैकी प्रत्येकाने हेडलाइटच्या वायरीत एकेक टाचणी टोचलेली असते, कारण ती वायर सर्वांत आधी हाताला लागते. निदान करताना हे सर्व एकेक करून सोडवावे. घरगुती सामानासाठी वेगळी बॅटरी, वेगळा फ्यूज आणि वेगळी वायर ठेवावी. संयुक्त कुटुंब वायरिंगमध्ये चालत नाही.

शेवटी वजन. मागे गाद्या, शेगडी, लोणच्याच्या बरण्या आणि दोन आत्या बसल्या, की गाडीचे नाक वर होते आणि विजेचा काहीही दोष नसताना रस्ता अंधारात राहतो. झाडाच्या शेंड्यावरची घुबडे मात्र स्पष्ट दिसतात, आणि समोरचा ट्रकवाला अप्पर-डिप्पर करून आपले मत कळवतो. म्हणून झोताची दिशा सामान भरल्यावर लावावी. सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून डिप्परच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर खाली येईल, असे स्क्रू फिरवावेत. भिंत शेजाऱ्याची असेल, तर आधी सांगावे.

काम झाल्यावर कोणती वायर कुठून कुठे जाते याची आकृती काढून दाराच्या आत चिकटवावी. "डायरेक्ट" केलेल्या वायरी त्यात लाल रंगाने दाखवाव्यात. बहुतेक आकृत्या लाल होतात. मग रात्री उमरेड रोडला एक फेरी मारून अप्पर, डिप्पर आणि निळा दिवा पाहावा. हॉर्नच्या निदानाची पद्धत इथे दिलेली नाही, कारण या भागातल्या कोणत्याही गाडीत तो बंद पडल्याची तक्रार नाही.